काउंटी जज म्हणजे न्यायाधीश नव्हे हो!

बेयूकाठचा
काल 'शुगरलँडचा शेजारी' यांनी लिहिलं: "आपल्या भागातले वकील काउंटी जजसाठी उभे आहेत. न्यायाधीश वकीलच हवा, एवढं तरी सगळ्यांना पटेल. माझं स्पीडिंगचं तिकीट त्यांनी एक पैसा न घेता सोडवलं. डोळे झाकून मत द्या." खाली लाइकच्या अंगठ्यांची ही रांग! म्हणून लांबण लावतोय.

टेक्ससचा काउंटी जज मोठ्या काउंटीत खटले चालवत नाही. आपल्या ह्यूस्टनकडच्या फोर्ट बेंड, हॅरिस काउंट्यांमध्ये त्यासाठी वेगळी कोर्टं, वेगळे जज. हा चार कमिशनरांबरोबर बसतो, पाचांतलं एक मत त्याचं. त्या बैठकीचं नाव 'कमिशनर्स कोर्ट', तिथे सगळ्यांची फसगत होते. रस्ते, नाले, शेरीफचं (काउंटीच्या पोलिसप्रमुखाचं) बजेट, काउंटीचा टॅक्स रेट, वादळ आलं की घरं रिकामी करायचा हुकूम, हे त्याचं काम. जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषदेचा अध्यक्ष एकाच खुर्चीत कोंबा, साधारण तसा. टेक्ससची १८७६ ची राज्यघटना त्याला राज्याच्या कायद्याची चांगली माहिती असावी म्हणते, सनद मागत नाही. लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत ६४ माणसं, हॅरिसमध्ये ४७ लाख. पद दोन्हीकडे तेच.

हॅरिसचे आधीचे काउंटी जज एड एमेट वकील नव्हते. २०१८ मध्ये त्यांना हरवणारी लीना हिडाल्गो तेव्हा २७ वर्षांची, तीही वकील नाही. आपल्या फोर्ट बेंडमध्ये के. पी. जॉर्ज या पदावर आले ते आर्थिक नियोजनाच्या धंद्यातून. तेव्हा वकिलाला मत द्या किंवा देऊ नका, पण कारण तरी बरोबर द्या.

शुगरलँडचा शेजारी
एवढा निबंध लिहिण्यापेक्षा फोन केला असता तरी चाललं असतं. मान्य, खटले चालवत नाही. पण करार, टेंडर, जमीन संपादन, काउंटीवर होणारे दावे हे कोण वाचणार? इंजिनियर? तुम्ही लोक अटी न वाचताच 'ॲग्री' दाबता.

बेयूकाठचा
ते वाचायला काउंटी अ‍ॅटर्नी असतो. तोही निवडून येतो, आणि त्याला मात्र सनद लागते. तुमचे वकील त्या पदाला का उभे राहिले नाहीत, हे विचारलंत का?

कसबापेठी वकील
पुण्यातून लिहितोय, मत नाही, पण राहवत नाही. आमच्याकडे कलम २३३ प्रमाणे वकिलीतून थेट जिल्हा न्यायाधीश व्हायला किमान सात वर्षं प्रॅक्टिस लागते, नेमणूक राज्यपाल उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने करतात. न्यायाधीश दारोदार पत्रकं वाटतोय ही कल्पनाच अंगावर येते. उद्या त्याच्या कोर्टात प्रचाराला वर्गणी देणाराच उभा राहिला तर?

बेयूकाठचा
अहो वकीलसाहेब, हा न्यायाधीश नाही हेच तर सांगतोय!

कसबापेठी वकील
वाचलं. पण जे खरे न्यायाधीश आहेत ते तरी तुमच्याकडे नेमलेले असतात का?

बेयूकाठचा
नाही, तेही निवडून येतात. पक्षाच्या नावावर. (इथे मी हरलो, पुढे चला.)

सिंको रँचवाली
पुढे चला कसं? २०१८ पर्यंत एक बटण दाबलं की खालपासून वरपर्यंत एकाच पक्षाला मतं जायची. ते बटण २०२० च्या निवडणुकीपासून गेलं. आता मतपत्रिका एवढी लांब की शेवटच्या जजपर्यंत पोचता पोचता बोट दुखतं.

पण वकील हवा की नको याबद्दल माझं सांगते. हार्वी चक्रीवादळात, ऑगस्ट २०१७, आमच्या घरात बार्कर धरणाचं पाणी शिरलं. धरणाखालच्या नव्हे, मागच्या बाजूचं घर. पाऊस थांबला, आकाश निळं झालं, तरी पाणी दिवसेंदिवस तसंच. बोटीतून बाहेर पडताना सासूबाईंनी गणपतीची चांदीची मूर्ती तांदळाच्या डब्यात घातली होती. डबा तरंगला म्हणून मूर्ती वाचली, फर्निचर सगळं गेलं. नंतर कळलं, या भागातल्या कित्येक वसाहतींच्या मंजूर नकाशांवर बारीक अक्षरात ओळ आहे की ही जमीन जलाशयाच्या पाण्याखाली जाऊ शकते. घर घेताना आम्हाला कोणीही ती दाखवली नाही. असे नकाशे मंजूर करतं कोण? कमिशनर्स कोर्ट. मला ती ओळ मोठ्याने वाचून दाखवणारा जज हवा. वकील असेल तर बरंच.

बेयूकाठचा
ताई, ओळ होती म्हणजे कुणा वकिलाने ती लिहून दिलीच असणार. बारीक अक्षर हा त्यांचाच शोध.

सिंको रँचवाली
हे मात्र खरं. तरीही माझं मत वकिलालाच.

केटीकर
धरण, वकील सगळं ठीक आहे, प्रॉपर्टी टॅक्सवर कोणी बोलणार आहे का? इथे राज्याचा इन्कम टॅक्स नाही म्हणून आनंदाने आलो आणि आता दरवर्षी घर परत विकत घेतोय. स्कूल डिस्ट्रिक्ट, मड (वसाहतीच्या पाणी-सांडपाण्याचं मंडळ), काउंटी, ड्रेनेज... बिल आहे की लग्नाच्या देण्याघेण्याची यादी?

बेयूकाठचा
त्यातला सर्वांत मोठा हिस्सा शाळांचा. टॅक्ससाठी घराची किंमत अप्रेझल डिस्ट्रिक्ट नावाचं वेगळं खातं ठरवतं, काउंटी जज नाही.

केटीकर
रेट तर कमिशनर्स कोर्टच ठरवतं ना? काउंटीच्या टॅक्ससाठी राहत्या घराच्या किमतीत २० टक्क्यांपर्यंत सूटही तेच देऊ शकतं. दोन्ही उमेदवारांना विचारा: सूट किती? मला वकील नको, हिशेबनीस हवा.

शुगरलँडचा शेजारी
पूर नियंत्रणाला पैसा कुठून येणार मग? हॅरिसने हार्वीनंतर बरोबर एका वर्षाने, २५ ऑगस्ट २०१८ ला, अडीच अब्ज डॉलरचे बाँड मतदानाने मंजूर केले. तुम्हाला नालाही हवा आणि सूटही.

एच-वन वाला
मला मत नाही. टॅक्स मात्र पूर्ण भरतो, अगदी सेंटपर्यंत.

शुगरलँडचा शेजारी
मग या चर्चेत तुमचं काय काम?

एच-वन वाला
काका, हे बोलणं तुम्हाला शोभत नाही. तुम्हीही अकरा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत होतात, गेल्या दिवाळीला तुम्हीच सांगितलंत. तेव्हा रस्त्यावरचे खड्डे तुमच्या गाडीला लागायचे नाहीत का?

सिंको रँचवाली
शेजारी, माफी मागा. आत्ता.

शुगरलँडचा शेजारी
बरं, मागितली. रागाच्या भरात लिहिलं. आणि हो, बेयूकाठचा, तिकिटाचा मुद्दा मागे घेतो. न्यायाधीश शब्दही मागे घेतो. वकील मात्र मागे घेत नाही.

केटीकर
एच-वन वाला, होमस्टेडची, म्हणजे राहत्या घरावरची, सूट घेतलीयस ना? तिला सिटिझनशिप लागत नाही.

एच-वन वाला
नाही! मला वाटलं होतं फक्त सिटिझन्सना. घर घेऊन दीड वर्ष झालं.

केटीकर
अरे देवा. लायसन्सवर याच घराचा पत्ता आहे का बघ, नसेल तर आधी तो बदल. मग अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे अर्ज टाक. मागचंही मागता येतं, दोन वर्षं उशीर झाला तरी. नाव बायकोचंही असेल तर...

बेयूकाठचा
केटीकर, यासाठी वेगळा धागा काढा की.

केटीकर
तुमच्या धाग्यात तरी काय राहिलंय आता?