बाबांचा शेगडा गंजलाय, मदत हवी

शनिवार

मनीषा (डी-१०२), सकाळी ९:१०
सुप्रभात. वाईच्या घरून काल बाबांचा शेगडा आणला, म्हणजे बेंच व्हाईस, वस्तू जबड्यात घट्ट धरायचं टेबलावरचं हत्यार. बाबा गेल्यापासून सहा पावसाळे तो पडवीत पडून होता. जबडा चार इंची, वजन पंधरा किलो भरलं. सगळा गंजलाय, हँडल जागचं हलत नाही. गेटवर भंगारवाल्याने बघताक्षणी भाव सांगितला, पण मला तो द्यायचा नाही. गॅलरीत टेबल करून वापरायचा आहे. कुणाला यातलं कळत असेल तर सांगा. फोटो टाकते.

राहुल (बी-५०४), ९:१४
ताई, हँडलमध्ये लांब पाइप घाल आणि जोर लाव. नाहीतर हातोड्याचे दोन दणके. सुटेल.

अरविंद काका (ए-००३), ९:२१
मनीषा, हातोडा अजिबात लावू नकोस. पाइपही नको. माझी ३४ वर्षं टूलरूममध्ये गेली, असे तुटलेले शेगडे मी पाहिलेत. अंग बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं असतं. बीड दाब सोसतं त्याच्या तिसरा-चौथा हिस्साच ओढ सोसतं, आणि दणका तर सोसतच नाही. तडकलं की तडकलं. पाइप घातलास तर आधी हँडल वाकेल, तरी रेटत राहिलीस तर बीड जाईल.

आधी भेगा बघ. तारेच्या ब्रशने वरवरचा गंज काढ, फडक्याने सगळीकडे डिझेल लाव, दहा मिनिटं थांब. मग कोरडं पुसून वर पांढरा खडू घास. भेग असेल तर आत मुरलेलं डिझेल खडूवर ओली रेघ उमटवतं. दमाने बघ.

सुनंदा काकू (डी-२०२), ९:४०
मनीषा, जरूर कर गं. फक्त ग्राइंडर लावणार असशील तर २ ते ४ नको. सासूबाई तेवढाच वेळ झोपतात.

मनीषा, ९:४३
काकू, ग्राइंडर लावणारच नाही. सगळं हाताने करायचंय.

मनीषा, दुपारी १२:३०
काका, खडू लावला. अंगाला कुठे काही नाही. पायाच्या चार कानांपैकी एकाला भोकाजवळ केसाएवढी ओली रेघ आलीये. वेल्डिंगवाल्याकडे नेऊ का?

अरविंद काका, १२:३८
नको. बिडाचं वेल्डिंग निकेलच्या रॉडने होतं, आधी सगळं तापवून आणि मग तासन्‌तास हळू गार करून. रस्त्यावरचा माणूस थेट टाका मारेल आणि भेग शेजारी सरकेल. तीन कान धड आहेत. बसवताना चौथ्याला जाड वॉशर घाल आणि बोल्ट नुसता टेकव, आवळू नकोस.

आता हँडलमागची कॉलर, आतला नट आणि सरकता जबडा शिरतो ती फट, या तीन जागी डिझेल आणि इंजिन ऑइल अर्धं-अर्धं करून सोड. सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस. रोज हँडल आधी किंचित आवळायच्या बाजूला दाब, मग सोडायच्या. एकाच बाजूने झटत बसू नकोस. आवळताना गंजाची पकड मोडते, म्हणून पुढे सुटतं.

मंगळवार

मनीषा, रात्री ८:०५
हललं! पाव आटा फिरला आणि फटीतून चहाच्या रंगाचं तेल आलं. अर्ध्या तासात स्क्रू पूर्ण बाहेर. आटे चौकोनी आहेत आणि आतून चक्क चमकतायत. बाबांनी घातलेलं ग्रीस अजून चिकटून आहे!

अरविंद काका, ८:०९
शाब्बास. ग्रीसनेच आटे वाचवलेत.

राहुल, ८:१५
मस्त ताई! आता उरलेला गंज काढायला बाथरूमचं ॲसिड? माझ्याकडे बाटली आहे.

नेहा (सी-४०१), ८:२२
राहुल, नको. मी रसायनशास्त्र शिकवते म्हणून कळकळीने सांगते. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड, गंजाबरोबर चांगलं लोखंडही खातं. वाफ छातीला वाईट, आणि आजूबाजूची हत्यारं दुसऱ्या दिवशी गंजतात ती वेगळीच. मनीषा, तू विजेने काढ.

प्लास्टिकचा टब घे. दर चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. खायचा नाही आणि मीठ तर मुळीच नाही, मिठाने क्लोरीन सुटतो. १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर लागेल, जुन्या पद्धतीचा. नवे ऑटोमॅटिक चार्जर समोर बॅटरी नसेल तर चालूच होत नाहीत. ऋण तार शेगड्याला, धन तार साध्या लोखंडी सळ्यांना. उलटं जोडलंस तर शेगडाच झिजेल. सळी समोर असेल तिथलाच गंज नीट निघतो, म्हणून चारही बाजूंना सळ्या उभ्या कर. स्टेनलेस स्टील वापरू नकोस, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, तेव्हा बंद खोलीत नको आणि जवळ काडीही ओढायची नाही. पाण्यात हात घालण्याआधी प्लगच काढ.

राहुल, ८:३१
बाबांच्या ॲम्बेसिडरचा चार्जर माळ्यावर आहे. काढून देतो, जोडायलाही येतो.

सेक्रेटरी (ए-२०१), ८:५०
गच्चीवर करायला हरकत नाही. पाण्याच्या टाकीपासून लांब ठेवा आणि मुलांना जवळ जाऊ देऊ नका. वायर उघडी नको.

मनीषा, ८:५२
मी स्वतः शेजारी बसते. आभारी आहे सगळ्यांची.

शुक्रवार

मनीषा, सायंकाळी ६:४०
काल सकाळी ९ ला लावला, संध्याकाळी ७ ला काढला. गंजाचा काळा गाळ झाला होता आणि भांड्याच्या ब्रशने धुतल्यावर तो अक्षरशः पाण्यासारखा वाहून गेला. मागच्या ऐरणीखाली ओतीव अक्षरं दिसली, मेड इन इंग्लंड. आम्हाला कधी माहीतच नव्हतं. धुतल्यावर हेअर ड्रायरने वाळवला. तेवढ्या वेळात एका कोपऱ्यावर नारिंगी छटा यायला लागली, म्हणून लगेच तेलाचा हात फिरवला.

जबड्याच्या प्लेटींचे स्क्रू मात्र निघत नाहीत.

अरविंद काका, ६:५५
खाचेत गंज असेल, सुईने कोर. मग खाच भरेल एवढा रुंद स्क्रूड्रायव्हर घे, चौकोनी दांड्याचा. एका हाताने वरून दाबून धर, दुसऱ्याने दांड्याला पाना लावून फिरव. स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे आहे, नातवाबरोबर पाठवतो.

मनीषा, ७:४८
चारही निघाले! प्लेटींचा फोटो टाकलाय.

अरविंद काका, ७:५६
फोटो मोठा करून पाहिला. दात डाव्या टोकाला झिजलेत, उजवीकडे जवळजवळ नवे आहेत. बाबा डावखुरे होते का गं?

मनीषा, ७:५८
हो काका. मीही आहे.

अरविंद काका, ८:०४
मग दोन्ही प्लेटी उलट्या फिरवून बसव. भोकं सारख्या अंतरावर आहेत, बसतील. चांगले दात तुझ्या हाताशी येतील. बसवण्याआधी मागची बैठक पुसून घे, कचऱ्याचा कण राहिला तरी प्लेट डुगडुगते.

नेहा, ८:१०
मनीषा, जुना रंग राहिला असेल तर कोरडा घासू नकोस, पॉलिश पेपर ओला करून घास. पूर्वी रंगात शिसं भरपूर असायचं. ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ मध्ये लागू झाली. घरात छोटी आहे, धूळ उडायला नको.

अरविंद काका, ८:१६
बरोबर. आणि आधी तेल थिनरने पूर्ण पूस, नाहीतर रंग धरणार नाही. आधी रेड ऑक्साइडचा अस्तराचा हात, वर इनॅमल रंग. सरकती बाजू, आटे आणि प्लेटींची बैठक यांना रंग नको.

रविवार

मनीषा, सकाळी ११:२०
शेगडा बसला. अरविंद काका स्वतः जिना चढून आले. मी ताठ उभी राहिले, कोपर दुमडलं, आणि जबड्याची वरची कड कोपराच्या उंचीला येईपर्यंत काकांनी टेबलाच्या पायांखाली लाकडं सरकवली. यापेक्षा खाली असेल तर कानस मारताना कंबर जाते, म्हणाले. आम्ही बाबांना नेहमी पाटावर उभं राहून कानस मारताना बघायचो, त्याचं कारण आज कळलं. त्यांचं टेबल कोपराच्या मानाने उंच होतं.

नरम कामासाठी ॲल्युमिनियमच्या अँगलचे दोन तुकडे जबड्यावर चढवलेत. काम झालं की जबडे मिटून किंचित फट ठेवायची आणि हँडल उभं लोंबतं सोडायचं, हेही काकांनी दाखवलं. बाबाही तसंच ठेवायचे.

सुनंदा काकू, ११:३२
फार छान दिसतोय गं. माझ्या कुकरच्या दांडीचा स्क्रू आत तुटलाय. उद्या आणू का?

मनीषा, ११:३४
आणा काकू. ४ नंतर या, सासूबाई उठल्या की. झाकण राहू दे घरी, नुसती दांडी आणा.