मदत हवी आहे: लिनक्स मिंटवर व्हीएलसी मधेच गायब होतो, पण सगळ्या फाइल्सवर नाही

नमस्कार मंडळी. डेस्कटॉप आहे, चौथ्या पिढीचा आय-५, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, ८ जीबी रॅम, एसएसडी. त्यावर लिनक्स मिंट २२ सिनॅमन ही ऑपरेटिंग सिस्टिम, आणि व्हीएलसी मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घेतलेला, व्हर्जन ३.०.२०.

व्हिडिओ लावला की कधी लगेच, कधी पाचेक मिनिटं नीट चालून, आणि स्लायडर पुढेमागे ओढला की हमखास, व्हीएलसीची खिडकी नाहीशी होते. एरर नाही, मेसेज नाही, कॉम्प्युटर हँग होत नाही, बाकी सगळं व्यवस्थित चालू असतं, फक्त प्लेअर गेलेला असतो.

हे इतकं अडतंय कारण आम्ही काही जण मिळून कुडाळ-वेंगुर्ले पट्ट्यातल्या जत्रांमधल्या दशावताराच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून संवाद टंकतोय. दशावताराला लिहिलेली संहिता नसते, आख्यान ठरतं आणि बोलणं नट रंगमंचावर तिथल्या तिथे करतात, त्यामुळे त्या रात्री जे बोललं गेलं ते फक्त या रेकॉर्डिंगमध्येच आहे. काही कलाकार आता हयात नाहीत. पेटी-पखवाजाच्या आवाजाखाली दबलेलं एक वाक्य पकडायला तीच जागा मागे घेऊन घेऊन ऐकावी लागते, आणि नेमका तेव्हाच प्लेअर बंद पडतो, कुठपर्यंत आलो होतो तेही राहत नाही.

आता गोंधळात टाकणारी गोष्ट. अलीकडे फोनवर घेतलेले जड व्हिडिओ थोडे अडखळतात पण प्लेअर बंद पडत नाही. जुन्या डीव्हीडीवरून उतरवलेलेही चालतात. मरतो तो फक्त हँडीकॅमच्या एमटीएस फाइल्सवर, ज्या खरं तर फोनच्यापेक्षा हलक्या आहेत. फाइल खराब म्हणावी तर त्याच फाइल्स सेल्युलॉइडमध्ये (मिंटबरोबर येणारा दुसरा प्लेअर) सुरळीत चालतात. व्हीएलसी काढून परत टाकला, होम फोल्डरमधलं त्याचं कॉन्फिगचं फोल्डर नाव बदलून बाजूला ठेवून बघितलं, फरक शून्य.

सेल्युलॉइड वापरा असं कुणी सांगेल म्हणून आधीच लिहिते, बरोबर टंकायला बसणारे सगळे व्हीएलसीच्या बटणांना सरावलेत आणि त्यांची मशीनही साधारण याच वयाची आहेत, म्हणून कारण कळलं तर फार बरं होईल.

प्रतिसाद

काम फार मोलाचं करताय ताई. चालणारी आणि न चालणारी अशी फाइल्सची विभागणी तुम्ही आधीच केलीत म्हणून अर्धं काम झालंय. अजून तीन गोष्टी द्या.

एक, व्हीएलसी मेनूमधून न उघडता टर्मिनलमधून (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा, नावापुढे स्पेस देऊन डॅश आणि तीन व्ही जोडा, म्हणजे तो काय काय करतोय ते सगळं छापत जातो, आणि मेला की शेवटच्या वीसेक ओळी इथे टाका. दोन, दोन्ही प्रकारच्या फाइल्स लावून कंट्रोल-जे दाबा, कोडेकची माहिती उघडते, तिथे कोणता कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत, आहे ते बघा. तीन, क्रॅश झाल्या झाल्या दुसऱ्या टर्मिनलमध्ये सुडो लावून डीमेसेज (सिस्टिमच्या नोंदी दाखवणारी आज्ञा) चालवा आणि सेगफॉल्ट, म्हणजे प्रोग्रॅम मेमरीतल्या चुकीमुळे कोसळला, हा शब्द असलेली ओळ शोधा, त्या ओळीच्या शेवटाकडे कुठल्या लायब्ररीत पडला तिचं नाव असतं. ते नाव सगळ्यात महत्त्वाचं.

प्रतिसाद

मला रॅमची शंका येतेय. जुनं मशीन, काहीही मेसेज न देता प्रोग्रॅम गायब होणं, माझ्याकडे असंच व्हायचं आणि एक स्टिक खराब निघाली होती. बूटच्या वेळी ग्रब मेनूत मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) दिसत असेल तर रात्रभर लावून ठेवा, खर्च काही नाही.

प्रतिसाद (धागाकर्ती)

दोघांचेही आभार. मेमटेस्ट रात्रभर चालवला, एकही एरर नाही.

कोडेक: एमटीएस सगळ्या एच.२६४. डीव्हीडीवाल्या एमपेग-२. फोनच्या एच.२६५. म्हणजे मरतात त्या फक्त एच.२६४! खात्री करायला इंटरनेटवरून उतरवलेली एक साधी एच.२६४ फाइलही लावून बघितली, तीही थोडा वेळ चालून मेली.

टर्मिनलमध्ये क्रॅशच्या आधी एक ओळ येते, तिचा मथितार्थ असा की हार्डवेअर डिकोडिंगसाठी व्हीडीपीएयूचा ओपनजीएल/व्हीएएपीआय बॅकएंड वापरतोय. शेवटी सेगमेंटेशन फॉल्ट, कोअर डम्प्ड. आणि डीमेसेजमध्ये सेगफॉल्टच्या ओळीत दर वेळी एकच नाव, लिबव्हीडीपीएयू अंडरस्कोअर व्हीए अंडरस्कोअर जीएल. हे काय आहे?

प्रतिसाद

सापडलं. जरा सविस्तर लिहितो, म्हणजे बाकीच्या मशीनवरही तुम्हाला स्वतःला लावता येईल.

व्हिडिओ उलगडायचं काम दोन ठिकाणी होऊ शकतं, प्रोसेसरवर किंवा ग्राफिक्स चिपमधल्या खास भागात. दुसऱ्याला हार्डवेअर डिकोडिंग म्हणतात, आणि व्हीएलसीच्या ३.० मालिकेपासून, म्हणजे २०१८ पासून, ते आपोआप चालू असतं. लिनक्सवर चिपपर्यंत पोचायचे मुख्य रस्ते दोन, एक व्हीए-एपीआय जो इंटेलकडून आला, दुसरा व्हीडीपीएयू जो एनव्हिडियाने २००८ मध्ये आणला. तुमच्या चिपला पहिला येतो, दुसरा येत नाही. मग ज्या प्रोग्रॅमला फक्त व्हीडीपीएयू बोलता येतं त्यांची सोय व्हावी म्हणून कुणीतरी मधे एक दुभाषा लिहिला, तो व्हीडीपीएयूची मागणी ऐकतो आणि व्हीए-एपीआयला नेऊन सांगतो. ती तुमच्या सेगफॉल्टच्या ओळीतली लायब्ररी. आणि या दुभाष्याला डिकोडिंगपैकी फक्त एच.२६४ येतं!

म्हणून तुमचं कोडं सुटतं. एमपेग-२ आणि एच.२६५ त्याला झेपतच नाही, तो नाही म्हणतो, व्हीएलसी मुकाट्याने प्रोसेसरवर काम घेतो आणि फाइल चालते. (फोनचे व्हिडिओ अडखळतात ते याचमुळे, एच.२६५ पूर्णपणे उलगडणारा भाग सहाव्या पिढीपासून चिपमध्ये आला, तुमच्याकडे सगळा भार प्रोसेसरवर पडतो.) एच.२६४ मात्र तो हो म्हणून घेतो आणि वाटेत कोसळतो, आणि लायब्ररी व्हीएलसीच्याच पोटात चाललेली असल्यामुळे तिच्याबरोबर अख्खा प्लेअर जातो. सेल्युलॉइडच्या आत एमपीव्ही नावाचा वेगळा प्लेअर आहे आणि तो या दुभाष्याच्या वाटेने जात नाही, म्हणून तिथे सगळं शांत. रॅम खराब असती तर फाइल बघून क्रॅश झाला नसता आणि दर वेळी त्याच लायब्ररीचं नाव आलं नसतं.

आधी तात्पुरतं तपासा. टर्मिनलमध्ये व्हीएलसी, स्पेस, डबल डॅश, एव्हीकोडेक, डॅश, एचडब्ल्यू, बरोबरचं चिन्ह, नन (none), आणि मग एमटीएस लावून स्लायडर जोरात ओढा. नाही मेला तर निदान पक्कं.

मग कायमचा उपाय दोनपैकी एक. व्हीएलसीत कंट्रोल-पी, इनपुट/कोडेक्सचा टॅब, हार्डवेअर-अॅक्सिलरेटेड डिकोडिंगसमोर डिसेबल, सेव्ह, प्लेअर बंद करून परत उघडा. हे फक्त त्या युजरपुरतं लागू होतं. किंवा तो दुभाषाच काढून टाका, सिनॅप्टिक (पॅकेज टाकायचा-काढायचा प्रोग्रॅम) उघडून व्हीडीपीएयू असं रोमन अक्षरांत शोधा, व्हीए-जीएलवालं पॅकेज काढायला मार्क करा. सोबत अजून काय निघणार त्याची यादी तो दाखवतो, ती नीट वाचा, व्हीडीपीएयूचं एखादं गोळा-पॅकेज (जे फक्त बाकीची पॅकेजेस एकत्र ओढून आणतं) त्यात असलं तर काही बिघडत नाही पण यादीत खुद्द व्हीएलसी किंवा डेस्कटॉपचं काही दिसलं तर रद्द करा आणि इथे विचारा.

एच.२६४ चा फुल एचडी व्हिडिओ उलगडायला तुमचा आय-५ पुरेसा आहे, काळजी नको.

प्रतिसाद

इतका खटाटोप कशाला, फ्लॅटपॅकवाला (वेगळ्या बंदिस्त पॅकेजमधला) व्हीएलसी टाका, तो आपल्या लायब्ऱ्या स्वतः घेऊन येतो, सिस्टिममधल्या भानगडी त्याला लागत नाहीत.

प्रतिसाद

चालेल तेही, पण फ्लॅटपॅकचं डाउनलोड बरंच मोठं असतं, सेटिंग्ज वेगळ्या फोल्डरमध्ये जातात आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवरच्या फाइल्स दिसल्या नाहीत तर परवानग्या द्यायचं नवीन काम लागतं. गावाकडच्या नेटवर चार मशीनना हे सांगण्यापेक्षा एक सेटिंग बदलणं सोपं. कारण माहीत असताना वळसा का घ्यायचा?

प्रतिसाद (धागाकर्ती)

झालं! नन लावून स्लायडर पाहिजे तसा ओढला, एकदाही मेला नाही. मग या मशीनवर वेगवेगळे युजर असल्यामुळे पॅकेजच काढलं, यादीत धोक्याचं काही नव्हतं. काल रात्री आम्ही सलग बसलो आणि आख्यानाआधी येणारा संकासुराचा अख्खा प्रवेश टंकून झाला, दोन नटांची जुगलबंदी एरवी तुकड्यातुकड्यात ऐकावी लागत होती ती पहिल्यांदा एकसंध कळली. मनापासून आभार, खरंच.

दोन शंका राहिल्या. आता टर्मिनलमधून उघडला की व्हीडीपीएयूचा बॅकएंड उघडता आला नाही, अशी फाइल नाही, असं काहीतरी येतं. ते वाईट आहे का? आणि एमटीएसमध्ये कुणी वेगाने हललं, तलवार फिरवली की कडांना आडव्या बारीक रेघा दिसतात, कंगव्यासारख्या. हे पॅकेज काढल्यामुळे झालं का?

प्रतिसाद

पहिला मेसेज निरुपद्रवी. जो काढला तोच शोधतोय, सापडला नाही की प्रोसेसरवर काम घेतो. दुर्लक्ष करा.

रेघा पॅकेजमुळे नाहीत, त्या रेकॉर्डिंगमध्येच आहेत. त्या काळच्या हँडीकॅममधून बरेचदा इंटरलेस्ड व्हिडिओ निघायचा, म्हणजे एका चित्रात सम आणि विषम ओळी वेगवेगळ्या क्षणांच्या असतात, हलत्या गोष्टीच्या कडा म्हणून फाटतात. व्हिडिओ चालू असताना कीबोर्डवर डी दाबा, डीइंटरलेस चालू-बंद होतं. कायमचं हवं असेल तर कंट्रोल-पी, व्हिडिओचा टॅब, तिथे डीइंटरलेसिंग ऑन करून मोडमध्ये यादिफ २एक्स निवडा आणि सेव्ह करा, हालचाल एकदम मऊ दिसते, प्रोसेसर थोडा जास्त खातो पण तुमच्याकडे चालेल. मूळ एमटीएस फाइल्स मात्र कन्व्हर्ट करून पुसू नका, रेघांसकट तशाच जपून ठेवा, आणि एकाच डिस्कवर ठेवू नका.