नाचणीच्या पाकिटावर बाळाचा फोटो चालतो का?

मलप्रभाकाठ (खानापूर)
बचत गटाचं मोड आणलेल्या नाचणीचं पीठ बेळगावच्या दुकानांत ठेवायचं आहे. पाकीट २०० ग्रॅमचं. वर हसऱ्या बाळाचा फोटो, खाली मराठी आणि कन्नडमध्ये 'सहा महिन्यांपासून बाळाला द्या'. छापखानेवाले म्हणतात, फोटो काढून टाका, नाहीतर भानगड होईल. बाळाच्या दुधाच्या डब्यातल्या पावडरीवर बाळ नसतं हे खरं, पण आमचं साधं पीठच आहे की. हा नियम आला कुठून? आणि एकाच पिठाची पेज कधी पातळ, कधी गोळा का होते?

पाटील_निपाणी
छापखानेवाले बरोबर सांगतायत. १९९२ चा शिशुदुग्धपर्याय (म्हणजे आईच्या दुधाऐवजी द्यायची पावडर), दूधबाटल्या आणि शिशुआहार यांचा कायदा बघा. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. सहा महिन्यांनंतर दोन वर्षांपर्यंत आईच्या दुधाला पूरक म्हणून विकलं जाणारं कुठलंही अन्न, नाव काहीही असो, त्यात येतं. म्हणजे फोटोचं सोडाच, 'सहा महिन्यांपासून' ही ओळ छापली तरी तुमचं पीठ शिशुआहार झालं. मग लेबलवर बाळ नको, बाई नको, खप वाढवणारं चित्र नको. जाहिरात अजिबात नाही. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसही त्यात धरा. फुकट नमुने वाटायचे नाहीत. शिवाय एफएसएसएआयचे (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) शिशुआहाराचे २०२० चे नियम लागतात: घटकांचं प्रमाण, जंतूंच्या मर्यादा, सगळंच. घरगुती गटाला ते झेपत नाही. सरळ 'मोड आलेल्या नाचणीचं पीठ' लिहा, नोंदणी क्रमांक टाका, वयाचा उल्लेख गाळा.

जुनी_जाहिरात
नियमाचं मूळ जाहिरातीतच आहे. १८६७ मध्ये स्वित्झर्लंडच्या वेवे गावात हेन्री नेस्ले यांनी दूध, गव्हाचं पीठ आणि साखर यांची पावडर काढली. पुढे ग्लॅक्सोने गुटगुटीत बाळाच्या चित्रावर डबे खपवले. सिंगापुरात डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३९ मध्येच अशा विक्रीविरुद्ध उघड भाषण केलं होतं, पण ऐकलं कोणी? नंतर आफ्रिका-आशियात कंपन्यांच्या विक्रेत्या नर्ससारखा पोशाख करून बाळंतिणींपर्यंत पोचल्या. फुकटचा डबा संपेपर्यंत आईचं दूध आटलेलं. पुढचा डबा महाग, म्हणून एक चमचा पावडर दोन चमच्यांच्या पाण्यात, तेही न उकळलेल्या. जुलाब आणि कुपोषण, दोन्ही. १९७७ मध्ये अमेरिकेत नेस्लेवर बहिष्कार सुरू झाला. २१ मे १९८१ ला जागतिक आरोग्य परिषदेत अशा पावडरींच्या विक्री-जाहिरातीची विपणन संहिता ११८ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाली. विरोधातलं एकमेव मत अमेरिकेचं. आपला कायदा त्या संहितेवरच बेतलाय.

रागी_हिट्टु
आता पेज. मोड येताना दाण्यात अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) तयार होतं, ते शिजताना पिष्ट (स्टार्च) तोडतं, म्हणून पेज पातळ होते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी १८६५ मध्ये बाळासाठी सांगितलेल्या कृतीत जवाचं माल्ट (मोड आणून वाळवलेले दाणे) होतं ते याचसाठी. माल्टमुळे पातळ झालेल्या पेजेत पीठ जास्त मावतं, पाणी घालून पातळ केलेलीत पोषण कमी होतं. हा फरक मोठा आहे.

नाचणी दोन-तीन पाण्यांनी धुऊन १० तास भिजवा, पाणी पूर्ण निथळून ओल्या फडक्यात बांधा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात २४ तासांत मोड येतात, थंडीत ३६ ते ४८ लागतात. मोड दाण्याएवढा झाला की थांबायचं; लांबले की पीठ कडवट लागतं. सावलीत कडकडीत वाळवून मोड चोळून पाखडा. भाजणी मंद आचेवर, हलकी. तुमचा घोळ इथेच आहे: एक घाणा खरपूस भाजला की त्यातलं अमायलेज मरतं आणि त्याची पेज गोळा होते. पीठही थंड पाण्यात कालवूनच चढवा. उकळत्या पाण्यात टाकलं तर अमायलेजला काम करायला वेळच मिळत नाही. हळूहळू तापवा, मग पाच-सात मिनिटं उकळा.

खानापूरच्या पावसात वाळवणाचा भरवसा धरू नका, बुरशी लागते. वर्षाचा साठा मेपर्यंत उरका. आणि भिजवून, वाटून, गाळून करतात ते सत्व वेगळं. त्यात पिष्टच जास्त उरतं, पाकिटावर तो शब्द नको.

मलप्रभाकाठ (खानापूर)
फोटो काढला. त्याजागी जात्यावर बसलेली आजी चालेल का?

पाटील_निपाणी
साधं पीठ म्हणून विकताय तर चालेल. शिशुआहार असता तर आजीही बाद, कायद्यात बाईचं चित्रही नाही. फक्त तिच्या मांडीवर नातू बसवू नका, आणि मागच्या बाजूच्या कृतीत 'बाळासाठी' लिहू नका.