अनुभव धागा: वेबसाइटचा मराठी फॉन्ट आणि समोरच्याचा कॉम्प्युटर

नाशिककरांनो, ज्यांनी ज्यांनी दुकानाची, शाळेची, शेतमालाची साइट केलीय त्यांनी लिहा, कुठला फॉन्ट घेतला आणि दुसऱ्याच्या मशीनवर तो कसा दिसला. विंडोजवर मंगल नाहीतर निर्मला, अँड्रॉइडवर नोटो, मॅकवर कोहिनूर, प्रत्येकाकडे वेगळंच दिसतं. मंगल वाईट नाही हो, र. कृ. जोशींसारख्या अक्षररचनेतल्या जाणकाराने केलेला आहे, पण आपल्या साइटला स्वतःचा चेहरा हवा असं मला मनापासून वाटतं.

----

आमचं रविवार कारंज्याजवळ डीटीपी. सगळा जुना मजकूर श्रीलिपी नाहीतर कृतिदेवमध्ये, आणि गिऱ्हाईक म्हणतं तोच साइटवर चिकटवा. तसं चालत नाही, कारण त्या फॉन्टात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला नुसती अगम्य चिन्हं दिसतात. आधी युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळ्या मशीनवर एकच ठरलेला नंबर) करून घ्या, मग प्रूफ वाचा (रफार आणि जोडाक्षरं नीट बघा), फॉन्टचा विषय त्यानंतर.

----

निफाडच्या द्राक्षवाल्यांची साइट केली तेव्हा मथळ्याला बलू आणि मजकुराला मुक्ता हा फॉन्ट घेतला, दोन्ही मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचे, फुकट आणि मोकळ्या लायसन्सचे, म्हणजे फाइल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवली तरी कुणी काही म्हणणार नाही, आणि मुख्य गोष्ट तीच आहे, फॉन्ट साइटबरोबर गेला पाहिजे, समोरच्याकडे असेल या भरवशावर राहायचं नाही. वॉफ-२ (वेबसाठीची हलकी फॉन्ट फाइल), सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणारा कोड) ती जोडणारा फॉन्ट-फेस, तो फॉन्ट नाही आला तर मागे निर्मला, कोहिनूर, नोटो अशी रांग आणि शेवटी सॅन्स-सेरिफ, म्हणजे मशीनवरचा कुठलाही साधा फॉन्ट. तिथंच फॉन्ट-डिस्प्ले स्वॅप ठेवला, म्हणजे शेतात रेंज कमी असली तरी मजकूर लगेच दिसतो, फॉन्ट मागाहून येतो. एकच सावधगिरी, फाइल हलकी करणारी काही टूल्स जोडाक्षरांचे आकारच कापून टाकतात, कारण त्या आकारांना स्वतःचा युनिकोड नंबर नसतो. मग 'द्राक्ष'चं 'द्‌राक्‌ष' होतं, मोडलेले पाय सगळे उघडे! शेतकऱ्याला ते बघवत नाही आणि मलाही.

----

मी शिक्षिका आहे, गंगापूर रोडला. माझी परीक्षा ठरलेली: त्र्यंबकेश्वर, सप्तशृंगी, येवल्याची पैठणी, वऱ्हाड. हे चार शब्द टाकायचे. त्र्यंची जुळणी, शृचा आकार, ल्य, आणि ऱ्हचा तो मिशीसारखा र, सगळं तिथंच कळतं. मराठीतला ल आणि श हिंदीपेक्षा वेगळा असतो, शासनाने २००९ मध्ये वर्णमालेचा निर्णय काढला त्यातही आपलेच आकार आहेत. पानाच्या कोडमध्ये भाषा 'एमआर' (mr, म्हणजे मराठी) लिहिली की ज्या फॉन्टात सोय आहे तो आपोआप मराठी ल-श दाखवतो. 'तिरो देवनागरी मराठी' या फॉन्टात तर ते आधीपासूनच आहेत, शाळेच्या अंकाला मी तोच सुचवते. पोरांनी पुस्तकात एक ल बघायचा आणि साइटवर दुसरा, हे मला पटत नाही.

----

ताई, श-लचं अगदी बरोबर. आमच्या पैठणीच्या दुकानाला यात्रा वन घेतलाय, रेल्वे स्टेशनच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला फॉन्ट आहे, काय ठसका आहे! पण फक्त दुकानाच्या नावाच्या पाटीपुरता. त्यात बोल्ड वेगळा नाहीये, ब्राउझर स्वतःच जाड करतो आणि शिरोरेघ माखल्यासारखी दिसते, म्हणून सीएसएसमध्ये फॉन्ट-सिंथेसिस नन करून टाका, म्हणजे ब्राउझर तसं करणार नाही.

----

ओळींमधलं अंतर कुणीच बोललं नाही. इंग्रजीचं १.२ (अक्षराच्या आकाराच्या १.२ पट) मराठीला पुरत नाही, वरची वेलांटी-अनुस्वार आणि खालचा उकार एकमेकांना भिडतात. मी १.६ पासून सुरू करतो. सातपूरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात जुना विंडोज ७ होता, त्यावर उघडून बघितलं, फॉन्ट व्यवस्थित आला, 'र्‍हा'सकट.