थर, पदर की पापुद्रा?

फोंड्याहून: बारावीच्या मुलांसाठी अतिथंड चुंबकांवर लेख लिहितेय आणि ‘लेअर’पाशी अडलेय. क्रोमियम ट्रायआयोडाइडचा स्फटिक चिकटपट्टीने सोलता येतो. २०१७ साली त्याचा एकच लेअर सुटा करून तपासला, तर उणे २२८ अंश सेल्सिअसखाली तो आपोआप चुंबक होतो. दोन लेअर राहिले, तर एकाची चुंबकीय दिशा वर, दुसऱ्याची खाली, बेरीज शून्य! मी ‘थर’ लिहिलं, संपादकांनी ‘स्तर’ केलं. मला दोन्ही खटकतात.

मडगावहून: ताई, थरच ठेवा. आई बिबिंका करायची तेव्हा एक थर ओतायचा, वरून विस्तव, तांबूस झाला की तूप सोडून दुसरा. थर म्हटलं की मला तेच दिसतं.

फोंड्याहून: म्हणूनच नको! तिथे थर रचतात. इथे आधीच एकसंध असलेल्यातून सोडवायचा आहे.

पेडण्याहून: मग पापुद्रा. भाकरीचा सुटतो, अभ्रकाचाही सुटतो. पापुद्र्याची आतली वीण घट्ट, दोन पापुद्र्यांमधली पकड सैल. नेमकं हेच तर सांगायचंय.

साखळीहून: पापुद्रा म्हणजे निघून आलेली साल. स्फटिकात असताना त्याला पापुद्रा कसं म्हणणार? ‘पदर’ घ्या, पोळीला पदर असतात आणि ते सुटतातही.

डिचोलीहून: लेअरचं काहीही करा, पण पुढे अशा उलटसुलट दिशांच्या, बेरीज शून्य होणाऱ्या पदार्थाला ‘प्रतिलोहचुंबक’ (अँटिफेरोमॅग्नेट) लिहू नका. क्रोमियममध्ये लोह कुठून आलं? आणि आमच्या खाणीच्या गावात लोह असूनही चुंबक फिका पडतो. लहानपणी जुन्या स्पीकरचा चुंबक अंगणातल्या खनिजाच्या ढिगावरून फिरवला, तर काळी बारीक रेती तेवढी चिकटली, लाल खडे जागचे हलले नाहीत. ते हेमॅटाइट, म्हणजे लोहाचंच खनिज. त्यातही एका पातळीतले लोहाचे अणू एका दिशेला, शेजारच्या पातळीतले उलट. दिशा जराशा कललेल्या असतात म्हणून किंचित चुंबकत्व उरतं. उणे १३ अंशांच्या आसपास गेलं की तेही जातं.

साखळीहून: भाई, संस्कृतात ‘लोह’ म्हणजे तांबूस, तांबंसुद्धा. एकूण धातूंनाही लोह म्हणत. शब्द चुकीचा नाही.

डिचोलीहून: बारावीतल्या पोराला लोह म्हटलं की लोखंडच दिसणार. त्याच्यासाठी लिहायचं की कोशासाठी?

पेडण्याहून: मग ‘लोहचुंबक’ही सोडायचा का? तो तर घराघरात रुळलाय.

डिचोलीहून: तो राहू दे. भांडण ‘प्रति’शी आहे. ‘प्रतिचुंबक’ म्हणजे चुंबकापासून दूर सरणारा, ही तर वेगळीच जात. मुलं दोन्ही एकच समजतात, मी शिकवताना पाहिलंय.