मदत हवी आहे: तान्ह्या पोळ्यासाठी चंद्रावरची रेंगी, पण रंग सोलून निघतोय

मानेवाड्याची आत्या:

तान्हा पोळा दहा दिवसांवर आलाय आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर एक चांद्रवाहन उकडलेल्या बटाट्यासारखं सोलून निघून राहिलं आहे. कोणीतरी वाचवा.

नागपूरबाहेरच्यांसाठी आधी थोडं सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरं चाकांच्या पाटीवरचे लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात आणि बोजारा (खाऊ, पैसे) गोळा करतात. आमच्या भाच्याचं (वय ८) यंदा ठरलंय की त्याचा बैल बंडी ओढणार नाही, रोव्हर ओढणार. २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ उतरलं तेव्हा तो बराच लहान होता, पण त्यातल्या प्रज्ञान रोव्हरचे व्हिडिओ त्याने नंतर इतक्यांदा पाहिलेत की २६ किलो वजन नि सहा चाकं त्याला पाढ्यासारखं पाठ आहे. फक्त याचा रोव्हर माणसं बसणारा आणि शंभर वर्षांनंतरचा. नाव ‘चंद्रावरची रेंगी’ (रेंगी म्हणजे आमच्याकडची बसायची हलकी बैलगाडी). नाव माझं, बाकी हट्ट त्याचा.

सीताबर्डीच्या फुटपाथवरून ६० रुपयांचा ट्रक आणला. बाटल्यांच्या झाकणांची सहा चाकं केली. शाम्पूची बाटली आडवी कापून टाकी, गोळ्यांच्या रिकाम्या पत्त्यांचे सौर पॅनल, बंद पडलेल्या रिमोटची पाठ, संपलेले रिफिल, जुना टूथब्रश. पुढे बसायची कॅबिन थर्माकोलची कोरली, चांगली दोन तास खपून.

मग गच्चीवर नेऊन चंदेरी स्प्रे मारला. कॅबिन डोळ्यांदेखत आत बसत गेली, जणू दात काढलेल्या आजीचं तोंड. ट्रकवर रंग सुंदर बसला, आणि दुसऱ्या दिवशी भाच्याने नख लावलं तर अख्खा पापुद्रा हातात. इन्स्टंट ग्लूने चिकटवलेली चाकं तर टेबल हललं की एकेक गळतात. रिमोटवर मात्र तोच रंग आणि तोच ग्लू पक्का बसलाय, हे कोडं मला सुटत नाहीये.

आणखी एक. एवढा खटाटोप करून ते दिसतं अजूनही ट्रकच, वर कचरा चिकटवलेला. काय चुकतंय?

गंजलेला स्क्रू:

कोडं रिमोटनेच सोडवलंय. रिमोट बहुतेक एबीएस नावाच्या कडक प्लास्टिकचा असतो. झाकणं, शाम्पूच्या बाटल्या आणि स्वस्त खेळणी बरेचदा पॉलीप्रोपिलीन किंवा पॉलिथिनची. या दोघांचा पृष्ठभाग मेणचट. अळूच्या पानावर पाणी पसरत नाही तसा यांच्यावर रंग किंवा ग्लू नीट पसरत नाही, मग धरणार काय?

बादलीत पाणी घ्या आणि सगळे तुकडे सोडा. पॉलीप्रोपिलीन आणि पॉलिथिन पाण्यापेक्षा हलकं, ते तरंगेल. एबीएस, पॉलिस्टायरीन, पीव्हीसी बुडेल. आत हवा अडकू देऊ नका, नाहीतर रिमोटही पोहायला लागेल. बुडालेल्यांना रंग आणि ग्लू चालतो. तरंगणाऱ्यांना ग्लूच्या भरवशावर सोडू नका, भोक पाडून तार किंवा स्क्रूने बांधा. चाकं तर नक्कीच.

थर्माकोल म्हणजे हवा भरून फुगवलेलं पॉलिस्टायरीन, म्हणून ते तरंगतं. दोष त्याचा नाही, स्प्रेमधला द्रावक पॉलिस्टायरीन विरघळवतो. इन्स्टंट ग्लूही त्याला खातो. आधी फेविकॉलने कागदाचे दोन-तीन थर चढवा, पूर्ण वाळू द्या, मग ब्रशने ॲक्रिलिक.

हो, ग्लू सांडला तर कापसाने किंवा सुती फडक्याने पुसू नका. सुतावर तो इतका तापतो की चटका बसतो.

डेंटिंगवाला भाऊ:

ताई, गाडीचे बंपर बी याच तरंगणाऱ्या प्लास्टिकचे राह्यते. आम्ही काय करतो, आधी भांड्याच्या साबणानं धुतो, कावून का साच्यातून निघताना त्याले तेलकट काहीतरी लागून राह्यते. मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून चमक घालवतो. मग प्लास्टिक प्रायमर, पातळ हात. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात ‘बंपरचा प्रायमर द्या’ म्हणा, देते तो. साधा प्रायमर घेऊ नका, तो बी सालपटासारखा निघते.

अन् पाऊस पडून राह्यला असंन तं स्प्रे नका मारू. हवेत ओल राहिली का रंगावर पांढरी साय येते. मे महिन्यातल्या दुपारी उलटं, रंग हवेतच सुकते अन् अंगावर भुकटी बसते. आपल्या गावात रंगासाठी दिवाळीनंतरचेच दिवस चांगले, पण पोळा काही तोवर थांबत नाही.

खटपट्या:

ट्रक का दिसतो याचं उत्तर चाकांत आहे. बैल किती उंच आहे? ९ इंच, म्हणजे साधारण २३ सेंटीमीटर धरू. खरा बैल १४० सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे सगळं सहापट लहान. तुमचं ३ सेंटीमीटरचं झाकण खऱ्यात १८ सेंटीमीटरचं चाक होतं. एवढ्याशा चाकावर माणसं घेऊन चंद्रावर कोण जाणार? लोणच्याच्या बरणीची १० सेंटीमीटरची झाकणं लावा, ६० चं चाक मिळेल.

दुसरं, सगळीकडे सारखं चिकटवू नका. ‘स्टार वॉर्स’ (१९७७) च्या यानांवर मॉडेलवाल्यांनी रणगाड्यांच्या बाजारी किटमधले सुटे भाग चिकटवले होते. पण गर्दीच्या शेजारी मोकळा पत्रा असला तरच गर्दी मोठी दिसते. ट्रकची नंबरप्लेट, दिवे, दारं कापून काढा. ओळखीची एक वस्तू उरली की डोळा तिथेच अडकतो. टूथब्रशचे केस काढलेत ना?

मानेवाड्याची आत्या:

केस काढले नव्हते. 😐

बादलीचा प्रयोग केला, भाचा आंघोळ विसरून तिथेच बसला. ट्रक, झाकणं, शाम्पूची बाटली तरंगली, रिमोट आणि गोळ्यांचे पत्ते बुडाले. टूथब्रश तरंगला. ट्रक घासून, प्रायमर मारून दोन दिवस ठेवला. काल नखाने खरडून पाहिला, धरलाय. चाकं तारेने बांधलीत, बरणीची झाकणं शेजारच्या दोन घरांतून गोळा केली. दारं कापली आणि खरंच, ट्रक गेला.

आता नवीन अडचण. बैल ओढायला लागला की पुढची दोन चाकं फरशीच्या फटीत अडकून रेंगी नाक घासते. प्रज्ञानची चाकं खडकावरून वर-खाली होतात तसं काही आईस्क्रीमच्या काड्यांत जमेल का?

गंजलेला स्क्रू:

जमतं. एका बाजूची पुढची दोन चाकं एका काडीच्या दोन टोकांना. त्या काडीचा मध्य दुसऱ्या, लांब काडीच्या पुढच्या टोकाला सैल स्क्रूने, आणि लांब काडीच्या मागच्या टोकाला तिसरं चाक. लांब काडी मधोमध पेटीला, म्हणजे रेंगीच्या धडाला, सैल स्क्रूने. दुसऱ्या बाजूला तसंच. मात्र दोन्ही लांब काड्या सैल सोडल्या तर पेटी पुढे-मागे कलंडेल, म्हणून त्या पेटीवरून एका आडव्या पट्टीने जोडा. पट्टी मध्यावर फिरती ठेवा. काड्या दुहेरी चिकटवा, एकेरी मोडतात.

डेंटिंगवाला भाऊ:

एक विचारू का ताई? रेंगी तं दोन चाकांची राह्यते. सहा चाकांची कोणती रेंगी?

मानेवाड्याची आत्या:

भाऊ, हे भाच्याला कळू देऊ नका.