अनुभव धागा : प्रकल्प संपताना पाण्याचे निष्कर्ष गावाच्या हाती कसे दिले?

महाराष्ट्रात पाणलोट विकासाची आणि भूजल व्यवस्थापनाची कामे कितीतरी दशके चालू आहेत. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारपासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम, जलयुक्त शिवार आणि डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेपर्यंत या कामांच्या आरंभाविषयी, म्हणजे शिवारफेरीविषयी, श्रमदानाविषयी आणि पहिल्या भरलेल्या बंधाऱ्याविषयी, आपण पुष्कळ ऐकले आहे. प्रकल्पाची मुदत संपताना मोजमापांतून जे निघाले ते गावापुढे कसे मांडले गेले आणि पुढच्या वर्षी कोणी काय करायचे हे कसे ठरले, याविषयी मात्र आपण फार कमी बोलतो. ज्यांनी हा टप्पा जवळून पाहिला आहे, त्यांनी गावाचे व संस्थेचे नाव न घेता आपला अनुभव सविस्तर लिहावा, अशी विनंती आहे. सुरुवात माझ्यापासून करतो.

धागाकर्ता, अहिल्यानगर जिल्हा

आमच्या प्रकल्पाची मुदत ३१ मार्चला संपत होती, कारण हिशेबाचे वर्ष तेव्हा संपते. पाण्याचे वर्ष मात्र जूनमध्ये सुरू होऊन मेमध्ये संपते. विहिरींची पातळी मेअखेरीस सर्वांत खाली जाते, आणि ऑक्टोबरची पातळी व मेची पातळी यांतील फरकावरूनच पावसाळ्यानंतर गावाने किती पाणी उपसले याचा अंदाज येतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा चार वेळा मोजते. मार्चमध्ये अंतिम अहवाल मागणे म्हणजे मेची नोंद घेण्याआधीच निष्कर्ष मागणे, हे आम्ही निधी देणाऱ्यांना लेखी कळवले. अंतरिम अहवाल मार्चमध्ये, पुरवणी मेनंतर आणि गावापुढे मांडणी ऑक्टोबरमध्ये, अशी तीन टप्प्यांची मुभा आम्ही मागून घेतली.

ऑक्टोबरचा आग्रह धरण्याचे कारण असे की, पाऊस परतलेला असतो, विहिरी भरलेल्या असतात आणि रब्बीत काय पेरायचे हा निर्णय अजून शेतकऱ्याच्या हातात असतो. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपुढे आम्ही जो हिशेब फळ्यावर लिहिला, तो ढोबळ आकड्यांत येथे देतो. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी होते. शिवार ८०० हेक्टरांचे आणि पाऊस ५०० मिलिमीटर धरला, तर एकूण ४०० कोटी लिटर पाणी झाले. आमच्या बेसाल्टच्या भागात त्यातील दहावा हिस्सा जमिनीत मुरतो असे धरले, तर हाती ४० कोटी लिटर राहतात. गव्हाला हंगामात सुमारे ४०० मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे हेक्टरी ४० लाख लिटर. त्यामुळे पिण्याचे आणि जनावरांचे पाणी बाजूला न काढतासुद्धा शंभर हेक्टर गव्हातच सगळा साठा संपतो. हरभऱ्याला सुमारे २५० मिलिमीटर धरले, तर त्याच पाण्यात १६० हेक्टर भिजतात. हा हिशेब सुरू असताना मागे बसलेली माणसे उठून फळ्याजवळ आली आणि आपापल्या गटाचे क्षेत्र मांडू लागली. त्या दिवशी अहवालाची छापील प्रत कोणी उघडलीदेखील नाही, आणि मला त्याचे समाधानच वाटले.

जलसुरक्षक, सोलापूर जिल्हा

पाऊस मोजण्याचे काम प्रकल्पाने माझ्याकडे दिले होते. पर्जन्यमापकातील पाणी सकाळी साडेआठ वाजता मोजायचे असते. वेळ पाळली नाही, तर एका दिवसाचा पाऊस दुसऱ्या दिवसाच्या नावावर जातो आणि शेजारच्या गावाच्या नोंदींशी तुलना करता येत नाही. प्रकल्पाचे साहेब शेवटच्या बैठकीला आले तेव्हा यंत्र ग्रामपंचायतीच्या ताब्यात देण्याचा कागद तयार होता. पण ते रोज कोण वाचणार, याचा त्यात एका ओळीचाही उल्लेख नव्हता.

प्रथम शाळेचे नाव पुढे आले. परंतु रविवारीही पाऊस पडतो, सुट्ट्या असतात आणि शिक्षकांची बदली होते. शेवटी आमच्या बचत गटाने ते काम घेतले. मी नसेन त्या दिवशी कोणी वाचायचे, त्या दोघींची नावेही ठरावात घातली. वही दोन प्रतींत ठेवतो, एक ग्रामपंचायतीत आणि एक गटाकडे. कार्यालयाबाहेरच्या फलकावर कालचा पाऊस आणि जूनपासूनची बेरीज खडूने लिहितो. पूर्वी पावसाविषयी विचारले तर लोक बोटाने ओल दाखवत असत, आता फलक वाचून मिलिमीटरमध्ये बोलतात. मानधनाची रक्कम लहान आहे; तरीही ती ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून आणि ठरावाने मिळते, याला माझ्या मते फार महत्त्व आहे. फुकट केलेले काम पहिल्या लगीनसराईत बंद पडते.

भूवैज्ञानिक, पुणे

ताईंनी वहीविषयी लिहिले आहे, त्याला जोडून विहिरीच्या नोंदीविषयी लिहितो. विहिरीची पातळी कठड्यावरील एका ठरावीक बिंदूपासून मोजावी लागते. तो बिंदू ऑइल पेंटने बाण काढून दाखवलेला असतो आणि जमिनीपासून त्याची उंची वहीत नोंदलेली असते. कठडा नव्याने बांधला किंवा रंग उडाला, आणि पुढच्या माणसाने दुसऱ्या बाजूने टेप सोडली, तर अर्ध्या-पाऊण मीटरचा फरक सहज पडतो. त्यानंतर जुन्या आणि नव्या नोंदी एका आलेखात बसवता येत नाहीत. म्हणून प्रकल्प संपण्यापूर्वी आम्ही प्रत्येक निरीक्षण विहिरीचा बाण पुन्हा रंगवतो, विहिरीचा क्रमांक आतल्या बाजूलाही लिहितो आणि कठड्याचे छायाचित्र वहीत चिकटवतो. त्याच फेरीत पुढे मोजणी करणाऱ्या माणसाच्या हातात टेप देऊन त्याच्याकडून किमान एकदा सर्व विहिरी मोजून घेतो. वजन पाण्याला टेकल्याचा आवाज त्याच्या कानाला ओळखू यावा लागतो, आणि ते अहवाल वाचून येत नाही.

दुसरी गोष्ट निष्कर्ष पक्के करण्याच्या वेळेविषयी आहे. आम्ही शिवाराचा उभा छेद मंदिराच्या सभामंडपात रांगोळीने काढला होता. वर माती, खाली मुरूम, त्याखाली सच्छिद्र बेसाल्ट, मग गेरूचा तांबडा थर आणि पुन्हा काळा पाषाण, असा तो क्रम होता. तो पाहून १९७२ च्या दुष्काळात विहिरी खणायला गेलेले वृद्ध शेतकरी बोलू लागले. ओढ्याच्या पलीकडे गेरू आमच्या रेषेपेक्षा बराच वर लागला होता, असे त्यांच्यातील तिघांनी वेगवेगळ्या विहिरींचा दाखला देऊन सांगितले. आम्ही त्या विहिरींत उतरून थर पाहिला आणि छेदाची ती बाजू बदलली. पुनर्भरणाची, म्हणजे पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याची, जागाही त्यामुळे बदलली. हा मेळावा छपाईनंतर घेतला असता, तर तेच लोक आदराने ऐकून घरी गेले असते. मसुद्यावर "मसुदा" असे ठळक लिहून तो आधी गावात न्यावा, अशी माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे.

समाजकार्याची संशोधक, नाशिक जिल्हा

निष्कर्ष अप्रिय असेल तर काय करावे, याचा अनुभव माझ्याकडे आहे. ओढ्याचे खोलीकरण झाल्यावर काठच्या विहिरींना पाणी वाढले, हे मोजणीत स्वच्छ दिसत होते. त्याच काठावर उन्हाळ कांद्याचे क्षेत्रही वाढले होते, हेही पीक पाहणीत दिसत होते. माळावरच्या विहिरींच्या मेच्या पातळीत मात्र काहीच फरक पडला नव्हता. वाढलेले पाणी ज्यांच्या दारात आले त्यांनी ते वापरले, आणि त्यांनी कोणताही नियम मोडलेला नव्हता. निधी देणाऱ्या संस्थेला यशोगाथा हवी होती, म्हणून काठच्या विहिरींचा आलेख मुखपृष्ठावर घ्यावा आणि सर्व विहिरींची सरासरी आत द्यावी, असे सुचवले गेले. आम्ही ते मानले नाही. त्या सरासरीत माळावरच्या वस्तीचा मे महिना, म्हणजे टँकरची वाट पाहणारी घरे, पूर्णपणे झाकली जात होती.

मांडणी करताना आम्ही एकाही शेतकऱ्याचे नाव आलेखावर घातले नाही. विहिरींचे काठच्या, मधल्या आणि माळावरच्या असे तीन गट केले आणि प्रत्येक गटाचे ऑक्टोबर व मे दोन रंगांत दाखवले. सभा तापली. तुम्ही आमच्यात भांडण लावायला आलात का, असे काठच्या शेतकऱ्यांनी विचारले. माळावरच्या बायकांनी त्यावर शांतपणे सांगितले की भांडण आधीच होते, आज फक्त ते भिंतीवर दिसले.

पुढील नियोजन त्याच सभेत उरकण्याचा मोह आम्ही टाळला आणि दोन आठवड्यांनी, माळावरच्या वस्तीवर, दुसरी बैठक घेतली. हिवरे बाजारमध्ये शेतीसाठी कूपनलिकांवर बंदी आहे आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडून पिके ठरवली जातात, हे सर्वांना माहीत होते. अनेकांनी ते पाहिलेही होते. तशी सरसकट बंदी आमच्या गावाने स्वीकारली नाही. नवा बंधारा तूर्त मागायचा नाही, वरच्या पाझर तलावाचा गाळ आधी काढायचा आणि पिण्याच्या विहिरीजवळ नवी कूपनलिका घ्यायची नाही, एवढ्यावर एकमत झाले. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आतील विहिरींवर कायद्यात पूर्वीपासून निर्बंध आहेत, याचा तेथे उपयोग झाला. कांद्याच्या क्षेत्राचा प्रश्न सुटला नाही. तो सुटलेला नाही, असेच आम्ही अहवालाच्या शेवटच्या प्रकरणात लिहिले, आणि पुढच्या ऑक्टोबरचा पहिला विषय तोच राहील अशी नोंद इतिवृत्तात करून घेतली.

निवृत्त जलसंधारण अभियंता, सातारा जिल्हा

माझा अनुभव छोटा आहे. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या काढता-घालता येणाऱ्या फळ्या, पावसाळा ओसरल्यावर बसवावे लागतात आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी काढावे लागतात. लवकर बसवले तर परतीच्या पावसाचा पूर येऊन काठ खचतो, उशीर झाला तर वाहणारे पाणी निघून जाते. प्रकल्पाच्या हस्तांतरण यादीत "बंधारा, सुस्थितीत" एवढेच लिहिलेले असते. मी त्याऐवजी बर्ग्यांची संख्या, ते कोणाच्या गोठ्यात ठेवले आहेत, रबरी पट्ट्या कधी बदलल्या आणि बसवण्याचा निर्णय कोण घेणार, हे लिहून त्यावर पाणी वापरणाऱ्यांच्या सह्या घेत असे. ज्या बंधाऱ्यांवर ही यादी झाली, तेथे पुढच्या वर्षी कोणाला मला फोन करून विचारावे लागले नाही.

धागाकर्ता

सर, आपली यादी मी आमच्या गावासाठी उतरवून घेत आहे. येथे ग्रामपंचायतीचे कामकाज पाहणारे कोणी असतील, तर ग्रामसभेतील असे निर्णय निधीपर्यंत कसे पोहोचतात, हे कृपया सांगावे.

ग्रामपंचायत अधिकारी, धाराशिव जिल्हा

ग्रामसभेत ठराव होतात, पण "बंधाऱ्यांची देखभाल करावी" असा ठराव कोणत्याच लेखाशीर्षात, म्हणजे खर्चाच्या ठरलेल्या सदरात, बसत नाही. ग्रामपंचायत विकास आराखड्याचे काम ऑक्टोबरपासून सुरू होते. त्यात नोंद व्हायची असेल, तर कामाचे नाव, गट क्रमांक, अंदाजित खर्च आणि निधीचा स्रोत असे चारही तपशील ठरावात असले पाहिजेत. १५ व्या वित्त आयोगाच्या बंधित (ठरावीक कामांसाठीच वापरता येणाऱ्या) निधीत पिण्याच्या पाण्याबरोबर पावसाच्या पाण्याची साठवण आणि पुनर्भरण बसत होते. गाळ काढणे, चर दुरुस्ती यांसारखी कामे रोजगार हमीतून धरता येत होती. पाऊस वाचणाऱ्या ताईंचे मानधन स्वनिधीतूनच द्यावे लागले. निष्कर्षांच्या अहवालाची शेवटची दोन पाने संस्थेने याच नमुन्यात लिहून दिली, तर आमचे काम निम्म्याने हलके होते आणि आराखडा वेळेत तालुक्याला जातो. एका संस्थेने तसे केले होते. त्यांच्या सुचवलेल्या सातपैकी पाच कामे त्याच वर्षीच्या आराखड्यात आली. उरलेल्या दोन कामांची जागा वनखात्याच्या हद्दीत असल्यामुळे त्यांचा स्वतंत्र प्रस्ताव आम्ही पाठवला असून, त्याचा पाठपुरावा आता गावची पाणी समिती करते.